लालबागचे नवे उडुपी हॉटेल: इडली, पाटी आणि शेजाऱ्यांचा राग

लालबागच्या उड्डाणपुलाच्या सावलीत, ज्या गाळ्यात जवळजवळ चाळीस वर्षे एक मराठी खाणावळ होती, तेथे गेल्या वर्षी दिवाळीनंतर उडुपी हॉटेल सुरू झाले. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ज्यांनी त्या पायरीवर अजून पाऊल ठेवलेले नाही अशा मंडळींनी त्याला एकेक तारा बहाल करण्याचा उद्योग आधीच चालवला आहे आणि माझ्या लिखाणाने त्यात भर पडावी असे मला वाटत नाही. ते शेरे मी सगळे वाचले. ‘आमची खाणावळ घालवली’, ‘हे पुन्हा आले’, ‘मराठी माणसाने येथे खाऊ नये’ अशा मजकुराचे ते आहेत; सांबारात मीठ कमी पडते की जास्त, याविषयी त्यांत अवाक्षर नाही. मी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले, आणि पेपर न वाचता गुण देणाऱ्या परीक्षकाची मला चीड आहे. म्हणून तीन महिन्यांत अकरा वेळा, कधी एकटी तर कधी जाऊबाईंना घेऊन, दर वेळी स्वतःचे पैसे मोजून मी तेथे जेवून आले.

सुरुवात इडलीपासून करते. डोसा तव्याच्या आणि लोण्याच्या जोरावर वेळ मारून नेतो. इडलीला लपायला जागा नसते. येथील इडली बोटाने दाबली तर पुन्हा वर येते, मोडली तर तिचा भुगा होत नाही आणि आंबूसपणा नाकाला जाणवतो तेवढाच जिभेला जाणवतो. दोन इडल्यांना ५० रुपये पडतात. चटणी रोज वाटलेली असते. मात्र सकाळी अकरानंतर तिच्यात पाणी वाढते, हे मी चार वेळा ताडून पाहिले आहे. सांबार गुळचट आहे, अशी तक्रार शेजारच्या टेबलांवरून वारंवार ऐकू येते. उडुपीकडचे सांबार तसेच असते: भाजलेले धणे, ब्याडगी मिरची, ओले खोबरे आणि शेवटी गुळाचा खडा. ज्यांच्या घरी आमटीत रोज गूळ आणि आमसूल पडते त्यांनी या सांबाराला नाके मुरडावीत, याचे मला मनापासून नवल वाटते.

खरी मौज आहे ती भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या पदार्थांत, कारण छापील मेनूकार्डावर ते नाहीत आणि म्हणून बहुतेकांना ठाऊकही नाहीत. बुधवारी आणि शनिवारी नीर डोसा असतो. ‘नीर’ म्हणजे पाणी. तांदूळ भिजवून, वाटून, पाण्यासारखे पातळ केलेले पीठ न आंबवता तव्यावर ओततात. पहिला घास घेतला आणि जाऊबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर आपलं घावन!’’ आमचे मूळ गाव संगमेश्वराजवळचे. गौरीच्या सणाला आमच्याकडे घावन-घाटले होते. नीर डोशाबरोबर येथे गूळ घातलेले ओले खोबरे देतात, ते घाटल्याइतके मऊ नसले तरी त्याच कुळातले आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेल्या इडल्या, म्हणजे कोट्टे कडुबु, मिळतात. पानाचा वास पिठात असा उतरतो की चटणी बाजूला सारावीशी वाटते. पत्रोडेही एकदा होते. अळूच्या पानांवर बेसनाऐवजी तांदूळ-डाळीचे वाटण लावतात, एवढाच आपल्या अळूवडीपेक्षा फरक. परंतु ते वाफवून थेट वाढले होते, आणि तेलात परतल्याशिवाय अळू माझ्या घशाखाली समाधानाने उतरत नाही. हा दोष त्यांचा की माझ्या सवयीचा, याचा निकाल मी देऊ शकत नाही.

दुपारची १५० रुपयांची राईस प्लेट मात्र साधारण आहे. रस्सम म्हणजे मिरपुडीचे गरम पाणी. ते सकाळीच करून ठेवलेले असावे. पुऱ्या गार असतात. शिरा रंग टाकून पिवळा केलेला आहे, आणि मी तो दुसऱ्यांदा मागवला नाही. मेनूकार्डाच्या मागच्या पानावर शेजवान नूडल्स, पनीर चिली आणि जैन पावभाजी असा जो पसारा मांडला आहे, तो मुंबईतल्या प्रत्येक उडुप्याला का मांडावा लागतो हे मला समजते. तरी त्यातला एकही पदार्थ मागवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. वाटी-पेल्यातली कॉफी ४० रुपयांना आहे आणि ती उत्तम आहे.

मालक चाळिशीचे आहेत. कारकळचे, म्हणजे उडुपी जिल्ह्यातले. घरी तुळू बोलतात, शाळा कन्नडमध्ये झाली. तेथे त्यांचे एका महाविद्यालयाजवळ लहानसे उपाहारगृह होते, ते टाळेबंदीच्या काळात बसले. चुलत आजोबा चौदाव्या वर्षी मुंबईत येऊन फोर्टातल्या एका हॉटेलात टेबले पुसत आणि रात्रशाळेत शिकत. त्यांच्या ओळखीवर हे तीन वर्षांपूर्वी इकडे आले. आमच्या इमारतीतली काही मंडळी त्यांचा उल्लेख अजूनही ‘तो मद्रासी’ असा करतात. हा शब्द किती जुना आहे पाहा: १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत दक्षिण कन्नड जिल्हा खरोखरच मद्रास राज्यात होता. त्यानंतर तो म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, १९९७ साली उडुपी हा वेगळा जिल्हाही झाला. म्हणजे ज्याचा जन्मच कर्नाटकात झाला, ज्याच्या राज्याची सीमा आपल्या कोल्हापूर-सोलापूरला भिडलेली आहे, त्याला आपण सत्तर वर्षांपूर्वीच्या नकाशावरून हाक मारतो.

ही हाक आमच्या भागात कोठून आली, हे मला आठवते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. रात्रपाळी सुटली की ते कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे कॉफी घेत, मालकाला ‘अण्णा’ म्हणत, महिनाअखेरीस उधारी ठेवत. आणि त्याच आठवड्यात बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’ या साप्ताहिकातील ‘वाचा आणि थंड बसा’ या सदराखाली छापलेल्या, कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत. दोन्ही गोष्टी ते एकाच मनाने करत, आणि त्यात विसंगती आहे असे त्यांना कधी वाटले नाही. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा आम्ही पोरे अर्थ न कळता चाळीच्या गॅलरीत म्हणत असू. तक्रारीला आधार होता. महाराष्ट्र राज्य मिळवण्यासाठी माणसे हुतात्मा झाली होती, आणि त्याच राज्याच्या राजधानीत मॅट्रिक झालेल्या मराठी मुलाला कारकुनाची जागा मिळत नव्हती. त्या जागा इंग्रजी, टायपिंग आणि लघुलेखन शिकून आलेल्यांना मिळत होत्या, आणि भरती करणारे वरिष्ठ आपल्या गावची माणसे आणत होते.

दगड मात्र पडले ते उडुपी हॉटेलांच्या काचांवर. अण्णाने कोणा मराठी मुलाची टायपिस्टची जागा घेतलेली नव्हती. साहेब वरच्या मजल्यावर बसत, तेथे दरवान असे. अण्णाचे दुकान रस्त्याला लागून होते, त्याला काच होती आणि ती हाताच्या टप्प्यात होती. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली तेव्हा तर कारण बेळगावचे होते. बेळगावचा मराठी माणूस कर्नाटकात राहून जे सोसत आला आहे ते मी कमी लेखत नाही. माझी मावशी तिकडे दिलेली होती. परंतु बेळगावचा हिशेब लालबागच्या कॉफीवाल्याकडून वसूल करण्यात कोणता न्याय होता, हे मला तेव्हाही उमगले नाही. अण्णाने आठ दिवस फळ्या लावून ठेवल्या आणि नवव्या दिवशी उघडले. वडील त्या सकाळी नेहमीसारखे कॉफीला गेले. दोघे एकमेकांना काय बोलले असतील, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बहुधा काहीच नाही.

आता खाणावळीविषयी, कारण नव्या हॉटेलावरचा खरा आरोप तोच आहे. गिरणगावात खाणावळ म्हणजे काय होते, हे आजच्या पिढीला सांगावे लागेल. साताऱ्याहून, कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण पाळीने झोपत आणि कोणा तरी बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. माझी आजी अशीच दहा बाय बाराच्या खोलीत सोळा जणांचे जेवण करी. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच गावी गेले. संपात किती गिरणी कामगार बुडाले याची चर्चा होते, त्यांना जेवू घालणाऱ्या किती बायका बुडाल्या याची होत नाही. आमच्या कोपऱ्यावरची खाणावळ त्या पडझडीनंतर उभी राहिली होती. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. सुक्या बोंबलाचे कालवण, सोलकढी आणि तांदळाची भाकरी हे त्यांचे हातखंडा पदार्थ, आणि ते गेले याचे दुःख मला त्या एक-तारावाल्या मंडळींपेक्षा कमी नाही.

परंतु ती खाणावळ कशी गेली, हे मी जवळून पाहिले. इमारत पुनर्विकासात जायची होती; पागडीच्या गाळ्याचा वाद सहा वर्षे चालला. काकूंचे दोन्ही मुलगे डोंबिवलीला राहायला गेले, एक बँकेत आहे, दुसरा औषधांच्या कंपनीत. दोघांनाही चुलीपाशी उभे राहायचे नव्हते, आणि त्यांनी का उभे राहावे? नवे टॉवर झाले तेव्हा तेथल्या रहिवाशांना बोंबलाचा वास नकोसा झाला आणि सोसायटीच्या सभेत तक्रारी झाल्या. तक्रार करणाऱ्यांत मराठी आडनावेही होती, हे मी त्या सभेत बसून ऐकले आहे. शेवटी काकूंनी गाळा भाड्याने द्यायचे ठरवले. दोन मराठी इच्छुकांनी भाडे ऐकून हात जोडले. कारकळच्या या गृहस्थांनी गावची जमीन गहाण टाकून अनामत भरली. दरमहा भाडे आजही काकूंच्या खात्यात जमा होते, आणि त्यावर त्यांचे औषधपाणी चालते. ‘आमची खाणावळ घालवली’ हे वाक्य ज्यांनी लिहिले, त्यांपैकी शेवटच्या दोन वर्षांत काकूंकडे जेवायला कोण कोण जात होते, याची वही त्यांच्याकडे अजून आहे.

हे सगळे खरे असले तरी नव्याने येणाऱ्याकडून काहीच अपेक्षा ठेवू नये, अशा मताची मी नाही. भाषा ही सेवेचा भाग आहे आणि परीक्षणात तिलाही गुण दिले पाहिजेत. २०२२ च्या कायदा-दुरुस्तीने महाराष्ट्रात लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असा नियम आहे. व्यापाऱ्यांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०२३ च्या २५ नोव्हेंबरची मुदत पडली. या हॉटेलाची पाटी पहिल्या दिवसापासून देवनागरीत आहे, अक्षरे मोठी आहेत; फक्त ‘शुद्ध’ हा शब्द ‘शुध्द’ असा लिहिला होता. मी तो गल्ल्यावर दाखवला तेव्हा मालक म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्या बेंगळूरलापण पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे. इथे मराठी पाहिजे, बरोबरच आहे ना?’’ पुढच्या पंधरवड्यात ‘द्ध’ दुरुस्त झाला होता. छापील मेनूकार्ड मात्र अद्याप इंग्रजीतच आहे, आणि याचे गुण मी कापते. मी स्वतः सर्व पदार्थांची मराठी यादी सुवाच्य अक्षरात लिहून दिली त्याला दोन महिने झाले. ती गल्ल्याच्या काचेखाली ठेवली आहे, तेथून ती छापखान्यात कधी जाणार ते पाहायचे.

मालकांचे मराठी ते वर्तमानपत्र वाचून शिकले आहेत, त्यामुळे ते ऐकताना गंमत वाटते. ‘‘आपण आसन ग्रहण करावे,’’ असे आमच्या लालबागेत कोणी कोणाला म्हणत नाही. त्याच दमात ‘‘इडली संपला’’ आणि ‘‘कॉफी येतो’’ असेही येते, कारण निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंग लावण्याची आपली पद्धत त्यांच्या भाषेत नाही. मी तीस वर्षांत ज्यांचा जन्म मराठी घरात झाला अशा मुलांच्या वह्यांत याहून वाईट मराठी तपासले आहे.

एका संध्याकाळी मी तेथे असताना सहा-सात तरुण आले आणि मराठीत बोल, म्हणून त्यांनी दरडावले. मालक मराठीतच बोलत होते. घाबरल्यामुळे उच्चार अधिकच तुळू वळणाचे झाले, आणि त्या मुलांना ते मराठी आहे हेच कळेना. एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केले. मी उठून गल्ल्यापाशी उभी राहिले, एवढेच केले. त्यांतल्या एकाला मी सहावीत शिकवले होते आणि त्याने मोबाइल खिशात घातला. शिक्षिका म्हणून मिळालेला तो मान मला त्या दिवशी सुखाचा वाटला नाही. मुलगा दोन वर्षे नोकरीवाचून आहे. तो एकदा एका मुलाखतीला जाऊन आला, तेथे त्याला मराठी माध्यमावरून हसले होते. जे हसले त्यांच्या कचेरीत शिरायला ओळखपत्र लागते. मुंबईतच मराठी माणसाला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे आणि नोकरीच्या जाहिरातीत मराठी उमेदवार नकोत असे छापल्याचे प्रकार २०२३ आणि २०२४ साली वर्तमानपत्रांत आले होते. त्या मुलाचा राग त्यामुळे मला परका वाटत नाही. तो ज्या गल्ल्यावर येऊन आदळला, तेथे मात्र त्याचे काही देणे नव्हते.

नोकऱ्यांच्या बाबतीत मालकांनी अधिक करायला हवे, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. चौदा कामगारांत सहा जण कारकळकडचे, पाच ओडिशाचे, आणि मराठी तिघीच: दोन चटणी-भाजीच्या बायका आणि गल्ल्यावर बसणारी अभ्युदयनगरची मुलगी. त्यांचे उत्तर ठरलेले असते: पोटमाळ्यावर राहून पहाटे चारला पीठ पाहणारा मुलगा स्थानिकांत मिळत नाही, दोन आले होते, एक आठवड्यात गेले. हे खरे आहे. परंतु बारा तासांची पाळी आणि पंधरवड्यातून एक सुटी या अटींवर कोणता घरदार असलेला मुलगा टिकेल? गावाहून आणलेला मुलगा टिकतो, कारण त्याला जायला दुसरी जागा नसते. आठ तासांच्या दोन पाळ्या करून पाहा, असे मी सुचवले. त्यांनी खर्चाचे आकडे मांडले, मी ऐकून घेतले, आणि आमचे एकमत झाले नाही.

बाकीचे थोडक्यात. बसायला चाळीस जणांची जागा आहे. पंख्याखालची टेबले सकाळी आठपर्यंत भरतात. स्वच्छता चांगली, हात धुण्याची जागा अपुरी. पाणी न मागता येते. पैसे मिळाल्याचे ओरडून सांगणारे यंत्र गल्ल्यावर आहे, ते आधी हिंदीत बोलत असे, आता मराठीत बोलते, आणि मालकांपेक्षा शुद्ध बोलते. पाचपैकी मी साडेतीन तारे देते: एक तारा दुपारच्या जेवणासाठी कापला आहे आणि अर्धा मेनूकार्डासाठी. नीर डोसा बुधवार-शनिवारी मिळतो. पिकलेले केळे घालून तळलेले मंगळुरी बन्स फक्त रविवारी होतात आणि साडेनऊपर्यंत संपतात, तेव्हा लवकर जावे. काकूंची नात त्यांतले चार आधीच बाजूला काढून ठेवायला सांगते.